कुलपाची फ्लॉपी आणि आपल्या स्मरणिका

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत स्मरणिका समितीच्या वतीने वाचलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावर जाणकार मंडळी येतात. इतिहास, आरोग्य, शेती, सीमाभागातील मराठी शाळा अशा विषयांवर बोलतात. यंदा एक दिवस आम्हा स्मरणिका समितीच्या चौघांच्या वाट्याला आला आहे. आम्ही वक्ते नव्हे. स्मरणिकेसाठी लेख गोळा करायचे, प्रुफे तपासायची, जाहिरातींचे पैसे मागत फिरायचे, एवढेच आमचे काम. त्यामुळे आमच्या कामातल्याच एका गोष्टीविषयी बोलतो. विषय आहे फ्लॉपी आणि तिला घातलेले कुलूप.

लहान मुलांनी फ्लॉपी पाहिलेली नसेल. पण संगणकावर 'सेव्ह' करण्यासाठी जी चौकोनी खूण दाबता, ते फ्लॉपीचेच चित्र आहे. वस्तू गेली, खूण राहिली.

गेल्या वर्षी पावसाळ्याआधी मंडळाच्या खोलीचा माळा साफ करायला घेतला, तेव्हा बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा सापडला. आत अकरा फ्लॉप्या होत्या, सगळ्या सव्वापाच इंची, जुन्या पद्धतीच्या. प्रत्येकीवर पेनने लिहिलेली चिठ्ठी. एकीवर लिहिले होते, 'स्मरणिका – ओव्या'. ते वाचून आम्ही चौघेही खालीच बसलो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जांबोटी भागातल्या एका आजींकडून जात्यावरच्या ओव्या लिहून घेतल्या होत्या आणि त्या वर्षीच्या स्मरणिकेत छापल्या होत्या. आजी आता नाहीत. त्या वर्षीच्या छापील प्रती वाळवीने खाल्ल्या. घरोघरी विचारले, कुणाकडेही अंक निघाला नाही. म्हणजे त्या ओव्या आता फक्त या चकतीवर होत्या, आणि चकती वाचायची कशी हा प्रश्न होता.

तो प्रश्न सोडवताना आम्हाला जे कळले ते आज सांगायचे आहे. आधी फ्लॉपी म्हणजे काय ते पाहू.

काळ्या पाकिटात प्लॅस्टिकची पातळ चकती असते. तिच्यावर लोखंडाच्या ऑक्साइडचा, म्हणजे गंजाच्या नात्यातल्या पदार्थाचा लेप. ड्राइव्हमध्ये ती मिनिटाला ३०० वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला ५ फेरे. वरून एक छोटे डोके तिला टेकते आणि लेपाचे चुंबकत्व उलटसुलट करत जाते. त्या उलटसुलट होण्यातच सगळी माहिती असते. ३६० केबीच्या फ्लॉपीच्या प्रत्येक बाजूला एकात एक ४० वर्तुळे असतात, त्यांना ट्रॅक म्हणतात. ही चाळीसच्या चाळीस वर्तुळे एका इंचापेक्षा कमी जागेत बसतात. प्रत्येक ट्रॅकचे ९ तुकडे, म्हणजे सेक्टर. प्रत्येक सेक्टरमध्ये ५१२ बाइट. दोन बाजू, ४० ट्रॅक, ९ सेक्टर आणि ५१२ बाइट यांचा गुणाकार केला की ३ लाख ६८ हजार ६४० येतात. आपली अख्खी स्मरणिका, जाहिराती वगळून, एका चकतीत मावायची.

प्रत्येक सेक्टरच्या दारावर पाटी असते. मी अमुक ट्रॅकवरचा, अमुक बाजूचा, अमुक क्रमांकाचा सेक्टर, माझ्यात इतके बाइट. आतल्या मजकुराच्या शेवटी एक पडताळ्याचा आकडा असतो. मजकूर वाचून हिशेब केला की तोच आकडा यायला हवा. नाही आला, तर संगणक म्हणतो, वाचताना चूक झाली.

आता नक्कल कशी होते ते पाहा. डॉसमध्ये 'डिस्ककॉपी' नावाची आज्ञा होती. ती एकेक सेक्टर वाचायची, पाटी तपासायची, आकडा जुळवायची आणि नव्या चकतीवर लिहायची. इथे आपल्या गणपतीची आठवण होते. व्यासांनी महाभारत सांगायला घेतले तेव्हा गणपतीने अट घातली की मध्ये थांबायचे नाही. व्यासांनी उलट अट घातली की अर्थ समजल्याशिवाय लिहायचे नाही. डिस्ककॉपीला ही दुसरी अट जन्मजातच होती. जे तिला समजले तेच ती लिहू शकायची. जे समजले नाही, तिथे ती अडायची किंवा ते गाळायची.

कुलूप करणाऱ्यांनी नेमके हेच हेरले. चकतीवर असे काहीतरी ठेवायचे, जे नेहमीच्या नक्कल करणाऱ्याला समजणार नाही, पण आपल्या सॉफ्टवेअरला ओळखता येईल. सॉफ्टवेअर सुरू झाले की आधी त्या जागी डोकावणार. खूण सापडली तर पुढे चालणार, नाही तर बंद.

अशा खुणा अनेक प्रकारच्या होत्या. एखाद्या ट्रॅकवर ९ ऐवजी भलत्याच क्रमांकाचा एकच सेक्टर ठेवायचा. डिस्ककॉपी १ ते ९ शोधणार, तिला काहीच सापडणार नाही. किंवा सेक्टर ५१२ ऐवजी १०२४ बाइटांचा करायचा. किंवा पडताळ्याचा आकडा मुद्दाम चुकीचा लिहायचा. मग मूळ फ्लॉपीत 'चूक' असणे हाच खरेपणाचा पुरावा ठरायचा. नक्कल करणारा प्रामाणिकपणे आकडा दुरुस्त करून लिहायचा आणि तिथेच पकडला जायचा. ४० ट्रॅकच्या पलीकडे आणखी एक ट्रॅक लिहायचा, हीसुद्धा एक युक्ती. कारण ड्राइव्हचे डोके थोडे पुढे जाऊ शकते, पण नक्कल करणारा चाळीसवरच थांबतो.

याहून पुढची युक्ती म्हणजे डळमळीत बिट. चकतीचा एक भाग असा लिहायचा की तो धड हो म्हणत नाही, धड नाही म्हणत नाही. दर वेळी वाचला की वेगळेच उत्तर येते. सॉफ्टवेअर तो तीन-चारदा वाचायचे. उत्तर बदलले तर फ्लॉपी खरी. कारण साधा ड्राइव्ह नक्कल करताना त्यातले एकच उत्तर धरून पक्के लिहून टाकायचा. १९८७ च्या 'डंजन मास्टर' या खेळाला अशा जातीचे कुलूप होते आणि ते फोडताना भले भले थकले.

सर्वांत अजब प्रकार अमेरिकेतल्या व्हॉल्ट नावाच्या कंपनीचा, 'प्रोलॉक'. त्यांनी चकतीला लेसरने बारीकशी खरी इजा केली. सॉफ्टवेअर त्या जागी मुद्दाम लिहून पाहायचे. लिहिलेले परत वाचता आले, तर जागा धडधाकट आहे, म्हणजे फ्लॉपी नकली. वाचता आले नाही, तर जखम आहे, म्हणजे फ्लॉपी अस्सल. डीबेस थ्री या प्रसिद्ध सॉफ्टवेअरला हेच कुलूप होते. १९८३ साली आलेल्या लोटस १-२-३ ला हिशेबाची कामे करायची, तर मूळ फ्लॉपी 'ए' ड्राइव्हमध्ये घालूनच बसावे लागे. अशा फ्लॉपीला किल्लीची फ्लॉपी म्हणत.

आणि आणखी एक प्रकार, जो आपल्या गोष्टीत येणार आहे. किल्लीच्या फ्लॉपीवर लपवलेल्या जागी एक आकडा असायचा, समजा २. सॉफ्टवेअर हार्ड डिस्कवर चढवले की तो १ व्हायचा. रीतसर उतरवले की पुन्हा २. हार्ड डिस्क अचानक मेली, तर तो एक आकडा तिच्याबरोबर गेला.

हे सगळे कंपन्यांनी का केले? निव्वळ दुष्टपणाने नव्हे. दोन-चार वर्षे खपून कोणी सॉफ्टवेअर करायचे, एक प्रत विकायची आणि तिच्या पन्नास नकला फुकट व्हायच्या. मराठी अक्षरांच्या बाबतीत तर हे आणखी जिव्हारी लागणारे होते, कारण गिऱ्हाईकच मुळात कमी. पुण्यात १९८८ साली सी-डॅक स्थापन झाले आणि त्यांचे जिस्ट कार्ड संगणकात बसवले की साध्या डॉसवर देवनागरी दिसू लागली. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी घरोघरच्या छापखान्यांत पोचली. खिळे जुळवणाऱ्या माणसांच्या जागी संगणक आला तो अशा लोकांच्या मेहनतीने. त्यांना मोबदला मिळायलाच हवा होता. त्या काळच्या मराठी सॉफ्टवेअरसाठी कुठे किल्लीची फ्लॉपी असे, कुठे प्रिंटरच्या तारेच्या जागी लावायचा छोटा डबा असे. त्याला आपल्याकडे 'लॉक' किंवा 'डोंगल' म्हणत.

नक्कल रोखण्याच्या रागातून भलते काय घडू शकते त्याचे उदाहरण शेजारचेच आहे. १९८६ मध्ये लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी 'ब्रेन' नावाचा कार्यक्रम लिहिला. आपल्या वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या नकला करणाऱ्यांना चाप बसावा हा हेतू, असे त्यांनी पुढे सांगितले. त्यांनी त्यात आपले नाव, पत्ता, फोन नंबरसुद्धा घातला होता. तो फ्लॉपीच्या पहिल्या सेक्टरमध्ये बसायचा आणि एका फ्लॉपीवरून दुसरीवर जायचा. तो जगभर पसरला. आयबीएम पद्धतीच्या पीसीवरचा तो पहिला व्हायरस म्हणून ओळखला जातो. चोराला पकडायला सोडलेले कुत्रे गावभर चावत सुटले, तसे झाले.

आता आमची गोष्ट. त्या वेळी गावात एकच कंपोझिंगचे दुकान होते. त्या मालकाने, आम्ही त्यांना मामाच म्हणायचो, कर्ज काढून संगणक घेतला आणि मराठी कंपोझिंगचे सॉफ्टवेअर रीतसर पावती घेऊन विकत घेतले. कुठल्या कंपनीचे ते सांगण्याची गरज नाही. किल्लीची फ्लॉपी आणि दोन वेळा चढवण्याची मुभा, असा तो करार होता. विजेच्या लपंडावात पहिली हार्ड डिस्क गेली. एक मुभा संपली. दुसरी डिस्क आणून पुन्हा चढवले. दुसरी संपली. तरीही काम सुरू करताना मूळ फ्लॉपी आत घालावीच लागायची.

आणि मग आपला पाऊस. कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस आपण जाणतो. चार महिने भिंतीला ओल, कपड्यांना वास. बुरशीला फ्लॉपीचा लेप आवडतो. मामा हुशार होते, आमच्या सगळ्या लेखांच्या फ्लॉप्यांच्या दोन-दोन नकला करून वेगवेगळ्या जागी ठेवायचे. पण जिची नक्कल करता येत नव्हती अशी एकच फ्लॉपी दुकानात होती, आणि नेमकी तिलाच बुरशी धरली. गणपतीला पंधरा दिवस होते. मामांनी संगणक चालू केला तर पडद्यावर इंग्रजीत उत्तर आले, मूळ फ्लॉपी घाला. मूळ फ्लॉपी आतच होती.

मामा म्हणाले, "फ्लॉपी हाय की हो आत! आणि काय माझं काळीज घालू काय?"

कंपनीला फोन केला. उत्तर मिळाले, खराब फ्लॉपी टपालाने पाठवा, तपासून बदलून देऊ. फ्लॉपी पाठवली. बदली फ्लॉपी आली ती दिवाळीत.

मग स्मरणिका कशी निघाली? ते इतकी वर्षे आम्ही जाहीर सांगितले नव्हते, आज सांगतो. शेजारच्या गावात एकाकडे त्याच सॉफ्टवेअरची फोडलेली नक्कल होती. ती कुठलीच फ्लॉपी मागायची नाही. आम्ही रात्री आमचे लेख घेऊन तिथे गेलो आणि तीन रात्रींत स्मरणिका लावली. ज्याने पैसे मोजले तो मामा बाहेर ओट्यावर बसून होता, आणि ज्याने एक पैसा दिला नाही त्याच्या संगणकावर आमचे काम चालले होते. ओव्या त्याच अंकात होत्या. चोरीचे समर्थन आम्ही तेव्हाही केले नाही, आजही करत नाही. पण मामांचा तो चेहरा आम्ही विसरलेलो नाही. कुलपाने चोर अडला नाही, मालक अडला.

कायदाही तोवर याबाबतीत स्पष्ट झाला नव्हता. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ मध्ये संगणक कार्यक्रमांचा समावेश झाला. १९९४ च्या दुरुस्तीत दोन्ही बाजू आल्या. चोरीची प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला कैदेची आणि दंडाची तरतूद झाली. आणि रीतसर घेतलेल्या सॉफ्टवेअरची, ते हरवले, नष्ट झाले किंवा बिघडले तर हाताशी असावी म्हणून प्रत काढून ठेवणे हा गुन्हा नाही, असेही कलम ५२ मध्ये आले. म्हणजे कायदा म्हणाला, जपून ठेवायला एक प्रत घ्या. कुलूप म्हणाले, घेऊन दाखवा.

अमेरिकेत हाच वाद आधी न्यायालयात गेला होता. प्रोलॉकची फ्लॉपी नक्कल करू देणाऱ्या क्वेड नावाच्या कंपनीवर व्हॉल्टने खटला भरला. १९८८ मध्ये अपील न्यायालयाने क्वेडच्या बाजूने निकाल दिला. खरेदीदाराला जपणुकीची प्रत काढता यावी हा त्या साधनाचा रास्त उपयोग आहे, हे न्यायालयाने मानले. तोवर गिऱ्हाइकांच्या तक्रारींना कंटाळून मोठ्या कंपन्या फ्लॉपीची कुलपे सोडू लागल्याच होत्या. पुढे २००३ मध्ये तिथल्या काँग्रेस ग्रंथालयाने, जुन्या झालेल्या आणि मूळ फ्लॉपीशिवाय चालत नसलेल्या सॉफ्टवेअरचे कुलूप जतनासाठी काढायला सवलत दिली.

आता त्या बिस्किटांच्या डब्याकडे येऊ. डब्यात मामांना दिवाळीत आलेली ती बदली किल्लीची फ्लॉपीही होती. आधी वाटले, काम झाले. बेळगावहून एक जुना संगणक मिळवला, त्यात ती घातली. उत्तर आले, शिल्लक मुभा शून्य. कंपनीकडे विचारावे, तर तो जुना माल त्यांच्याकडेही उरलेला नव्हता.

मग एका तरुण नातेवाइकाने मार्ग दाखवला. 'ग्रीझविझल' नावाचे एक छोटे कार्ड मिळते. ते जुन्या ड्राइव्हला जोडायचे आणि दुसरे टोक आजच्या लॅपटॉपच्या यूएसबीला. हे कार्ड सेक्टर, पाट्या, आकडे काही विचारत नाही. चकतीवर चुंबकत्व कुठे कुठे उलटले तेवढे वेळेसकट टिपून घेते. म्हणजे अर्थ न समजता, रेघ न् रेघ उतरवते. अर्थ नंतर सावकाश लावायचा. उत्सुकतेने किल्लीची फ्लॉपीही त्यावर वाचून पाहिली. एका ट्रॅकवर ९ सेक्टर असायचे तिथे एकच होता, भलत्याच क्रमांकाचा. मामांना ज्याने रडवले ते कुलूप आम्ही पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिले.

आमच्या दहा फ्लॉप्यांपैकी सात पूर्ण वाचता आल्या, दोन अर्ध्यामुर्ध्या, एक बुरशीने संपलेली. ओव्यांची फ्लॉपी सातांत होती. पण फाइल उघडली तर पडद्यावर सगळी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची खिचडी. कारण तेव्हा युनिकोड आपल्यापर्यंत पोचला नव्हता. 'क' कुठल्या आकड्याने लिहायचा हे प्रत्येक सॉफ्टवेअर आपापले ठरवायचे. फ्लॉपीचे कुलूप निघाले आणि आत अक्षरांचे दुसरे कुलूप निघाले.

ते हाताने उघडले. दुसऱ्या एका वर्षाची स्मरणिका छापील स्वरूपात होती आणि तिची फाइलही वाचली गेली होती. दोन्ही शेजारी ठेवून, इथे 'ग' छापला आहे आणि फाइलमध्ये हे चिन्ह आहे, अशी यादी करत गेलो. या जुन्या पद्धतीत अक्षर जसे दिसते तसे साठवलेले असते. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षरानंतर. ते सगळे जागेवर आणायला तीन महिने रोज संध्याकाळी बसलो. निवृत्त शिक्षिका असलेल्या आमच्या एका वहिनींनी अर्ध्याहून अधिक यादी एकटीने केली. एके दिवशी पहिली ओवी पूर्ण वाचता आली. तेव्हा खोलीत कोणी बोलले नाही. चार ओव्यांमधले काही शब्द अजून लागलेले नाहीत. ते आम्ही अंदाजाने भरले नाहीत, जागा मोकळी ठेवली आहे. त्या ओव्या यंदाच्या स्मरणिकेत पुन्हा येत आहेत, आजींच्या घरच्या माणसांच्या संमतीने.

मंडळी, यातून आम्ही एवढेच शिकलो. मेहनतीचे मोल मागणाऱ्याने कुलूप लावावे, त्याबद्दल तक्रार नाही. पण कुलूप लावणारा दुकान बंद करून निघून जातो आणि आपला ऐवज आत राहतो, हे ध्यानात ठेवायला हवे. आज फ्लॉपी गेली, तरी फोनमधले फोटो, पासवर्ड, महिन्याचे पैसे भरून वापरायची सॉफ्टवेअरे, ही सगळी त्याच घरातली भावंडे आहेत. सीमाभागात राहणाऱ्या आपल्याला आपल्या भाषेत छापलेला प्रत्येक कागद मोलाचा आहे. तो कुणाच्या किल्लीवर अवलंबून असता कामा नये.

म्हणून मंडळाच्या वतीने काही विनंत्या. आपल्या माळ्यावर, कपाटात जुन्या फ्लॉप्या असतील तर फेकू नका. जुन्या संगणकात घालूनही पाहू नका. संगणक "फॉरमॅट करू का" असे विचारेल, चुकूनही हो म्हणू नका. बुरशी दिसली तर स्वतः पुसू नका, लेप निघून येतो. कोरड्या डब्यात ठेवा, वर कुणाची आणि कधीची ते लिहा, आणि विसर्जनानंतर स्मरणिका समितीकडे आणून द्या. घरगुती, खासगी काही असेल तर ते आम्ही वाचणार नाही, फक्त प्रत काढून परत देऊ. छापील जुने अंक असतील तर तेही आणा, कारण अक्षरांची यादी त्यांच्याशिवाय होत नाही.

आणि यंदापासून स्मरणिकेचा मजकूर युनिकोडमध्ये, साध्या फाइलमध्ये, कुलपाविना, तीन वेगवेगळ्या घरांत ठेवायचा असे समितीने ठरवले आहे. त्यातले एक घर मामांच्या मुलाचे आहे.

गणपती बाप्पा मोरया!